अंतर

सोमवारचा शेवटचा तास. खोली तेहतीस,
घुमटाच्या बाजूची. इथे पारव्यांचं घुमणं
माझ्या आवाजात मिसळतं, आणि शेवटच्या बाकापर्यंत
नेमकं काय पोचतं
ते एकोणीस वर्षांत मला कळलेलं नाही.

खिडकीशी अलकापुरी, दाराशी एस.टी.ने येणारे,
मधे एक रिकामं बाक.
कुणी सांगून बसवलेलं नाही.

फळ्यावर लिहिते : सामाजिक अंतर.
लिहिते गुजरातीत, विचार मराठीत,
व्याख्या इंग्रजीतून उचललेली,
तिन्हींच्या मधे कुठेतरी खडू मोडतो.
दांडिया बाजारातून माझी आत्या बहिणीला पत्र लिहायची,
शेवटची ओळ ठरलेली : मला अंतर देऊ नकोस.
अंतर देता येतं, हे यांना कसं शिकवू?
परीक्षेला नाही.

आता चर्चा करू, म्हणते.
चर्चा म्हणजे पहिल्या बाकावरची मौसमी;
बाकीचे पंख्याकडे बघतात.
"बरं, फोन काढा."
एवढ्यानेच वर्ग जागा झाला.
"घरी कामाला येणाऱ्यांची नावं वाचा.
जशी ठेवलीत तशी."

हसत हसत सुरू झालं.
दूधवाळो. इस्त्री.
रिक्षा अकोटा. रिक्षा अकोटा जुना.
प्लंबर गळती.
मासी सकाळ, मासी सांज.
मग एका मुलीनं वाचलं, "कचरा",
आणि पुढे काही आहे का म्हणून बोटानं पाहिलं.
नव्हतं.

हसू पातळ होत गेलं, चहात पाणी वाढवावं तसं.

दाराशी बसणारा वेस्ता राठवा, क्वांटचा,
सत्रभरात पहिल्यांदा उभा राहिला.
"बेन, माझे बापाही असतील कुणाच्या फोनात.
सुरतेला कडियाकाम करतात.
बहुतेक 'माणस चार' म्हणून."
राग नव्हता. हजेरी द्यावी तसं बोलला आणि बसला.

मौसमीनं वहीत लिहून घेतलं.
उदाहरण म्हणून.
लिहू नकोस, असं ओठांवर आलं होतं माझ्या,
पण लिहून घ्या, लिहून घ्या, हेच तर
मी जूनपासून घोकते आहे.
मी काही बोलायला हवं होतं.
पारवे बोलले.

"बेन, तमारो?"
कुणी विचारलं ते दिसलं नाही.
माझा फोन टेबलावर, हजेरीपटाखाली.
शोधायची गरज नव्हती, पाठ होतं :
चावी डिपार्टमेंट.
रोज ही खोली उघडणारा, बंद करणारा माणूस.
मी त्यांना काका म्हणते.
वाचून दाखवलं. कुणी हसलं नाही,
हसले असते तर बरं झालं असतं.

तास संपला तेव्हा ते व्हरांड्यात होते,
कुलूप हातात, नेहमीसारखे.
"काका, तुमचं नाव काय?"
"आता?" म्हणाले. मग म्हणाले,
"धूळाभाई. चार महिन्यांत निवृत्त."
दोन पोरं दगावल्यावर मी झालो,
म्हणून आईनं धूळ ठेवलं,
हेही सांगितलं, विचारलं नसताना.

"आणि तुमच्या फोनात मी?"
त्यांनी काच शर्टाला पुसली,
संकोचून माझ्याकडे वळवली :
तेत्रीस मोडुं.
तेहतीस, उशीर.

पाच वीसची पादऱ्याची बस.
माझी चर्चा रंगली की ती जाते,
पुढची साडेसहाला.
किती सोमवार झाले असतील, हिशेब
करायला घेतला आणि सोडून दिला.

कुलूप लागल्यावर आठवलं, फळा पुसलेला नाही.
"राहू द्या," ते म्हणाले, "सकाळी पुसतो."
आम्ही जिना उतरू लागलो.
ते दोन पायऱ्या मागे.
मी थांबले,
तर तेही थांबले.