एकतीस मार्च, रात्रपाळी

चावी माझ्याकडेच होती.
करार कुणाशीही होवो, कुलूप तेच,
उजवीकडे जरा उचलून फिरवावं लागतं.
हे कुठल्या कागदात लिहिलेलं नाही.

नुसतं सरकारचं होतं तेव्हा
बोर्डावर डॉक्टरांचं नाव असायचं
आणि खुर्चीवर त्यांचा टॉवेल.
माणसं यायची, टॉवेलाकडे बघायची,
वडाप पकडून अक्कलकोटला जायची.
बाळंतपणाच्या टेबलावर आम्ही
पोस्टरांचे गठ्ठे वाळवीपासून जपले.

मग संस्था आली, सोलापूरहून, पांढऱ्या गाडीतून.
भिंती आकाशी झाल्या.
बोर्डावर सरकारच्या चिन्हाशेजारी संस्थेचं,
लग्नपत्रिकेत दोन्हीकडची कुलदैवतं असतात तसं.
मी विचारलं, हुंडा कुणी दिला?
तोळनुरे सिस्टर हसल्या,
मग उठून दार लावून घेतलं.

खोटं कशाला बोलू, डॉक्टर राहू लागल्या.
सबिहा नदाफ. रात्री क्वार्टरात दिवा.
नुसता दिवा दिसतो म्हणून
वस्तीवरून लोक ताप घेऊन चालत यायचे,
निम्म्यांचा वाटेतच उतरायचा.
सापाचं इंजेक्शन फ्रीजमध्ये,
फ्रीजला इन्व्हर्टर, इन्व्हर्टरला पाणी,
पाणी घालायला मी.
माझा पगार मात्र दोघांच्या मधल्या बोळात.
जिल्हा परिषद म्हणायची, संस्थेला विचारा.
संस्था म्हणायची, वरून निधी आला की.
वर म्हणजे कुठे, मी विचारलं नाही.
आमच्या गावात वर फक्त पाण्याची टाकी आहे,
तीही गळकी.

पाच वर्षं सरत आली तेव्हा
एक पोरगा लॅपटॉप घेऊन आला,
खुर्च्या मोजल्या, बादल्या मोजल्या,
प्रत्येकावर चिकटपट्टी: शासन. संस्था.
वजनकाटा शासनाचा,
त्याला लटकणारी झोळी संस्थेची.
मला म्हणाला, बाई, तुम्ही कुणाच्या?
मी म्हटलं, पट्टी उरली असेल तर लाव की.

एकतीसला दुपारी टेम्पो भरून गेला.
डॉक्टरबाई सकाळच्या पहिल्या एसटीने जायच्या,
बॅग बांधून तयार.
रात्री साडेदहाला लायव्वाची सून आली,
टमटममधून, मुठीत पदर,
कन्नडात आईला, मराठीत नवऱ्याला हाका.

सिस्टर म्हणाल्या, बारानंतर आपली जबाबदारी नाही.
म्हणायचं म्हणून म्हणाल्या,
हातमोजे तोवर घालून झाले होते.
डॉक्टरबाईंनी बॅगेची चेन ओढली,
प्रवासाचा इस्त्रीचा ड्रेस काढून बाकावर टाकला
आणि अगदी तळातून स्टेथोस्कोप.

घड्याळ संस्थेचं, दुपारीच उतरवलेलं.
विटलेल्या भिंतीवर तिथे एक गोल उरला होता,
पाच वर्षांपूर्वीइतका निळा.
त्या गोलाखाली मुलगी झाली.
किती वाजता, कुणी पाहिलं नाही.
टमटमवाला म्हणतो अजून बारा व्हायचे होते,
लायव्वा म्हणते उलटून गेले होते,
आणि दोघंही बाहेर तंबाखू मळत बसलेले.

झोळी नव्हती. माझं धुवट लुगडं फाडलं,
काट्याला बांधलं.
दोन किलो आठशे.
सिस्टर म्हणाल्या, लुगडं वजा करा.
मी म्हटलं, राहू दे तिच्याकडे.

सकाळी प्रश्न नोंदीचा.
संस्थेच्या रजिस्टरवर लाल रेघ मारलेली,
शासनाचं नवं पंचायत समितीत, शिक्क्यासाठी अडकलेलं.
डॉक्टरबाईंनी सामानाच्या यादीचा पाठकोरा कागद घेतला,
बाळ, आई, वजन लिहिलं,
वेळेपुढे बराच वेळ पेन धरून बसल्या.
सहीखाली पद लिहिलं नाही.
एसटी केव्हाच गेली होती.
मी शेंगाचटणी-भाकरी बांधून दिली,
पुढची गाडी दहाला.

अकराच्या सुमारास रंगारी आला, शिडी खांद्यावर.
बोर्डावरचं चिन्ह खरवडायचंय म्हणाला.
दोन्हींकडे बघितलं,
मावशी, ह्यातलं कुठलं?
मी म्हटलं, आधी शिडी त्या बाजूला घे,
आज लसीचा दिवस आहे,
बायका पोरं घेऊन इथूनच आत येतात.