प्रश्न अकरावा

लिस्बनहून आलेले फॉर्म मीच वाटले.
अठरा बायका, अठरा फॉर्म, अठरा पेनं.
सतरा पेनं परत आली.

प्रत्येक प्रश्नापुढे एक ते पाच,
लागू असेल त्या आकड्याला गोल करा.
आपण आपल्या कामावर समाधानी आहात का?
देओलिंदानं चष्मा कपाळावर चढवला,
विचारलं, 'आत्ता, की जेवणाच्या सुट्टीनंतर?'

ती बुचं निवडते. सव्वीस वर्षं.
पट्ट्यावरून सरकत येतात वाईनच्या बाटल्यांची बुचं,
डोळा एक चीर बघतो, बोट दुसरी,
तोवर हात टोपलीशी पोचलेला असतो.
प्रती सात आहेत. आठवी फक्त तिच्या नाकात:
कुबट वासाचं बूच ती शेकड्यांतून उचलते,
भातातला खडा उचलावा तसं.

जुना मुकादम आबिलियो सकाळी रांगेतून फिरायचा,
कुणाच्या नवऱ्याचा गुडघा, कुणाच्या पोराची परीक्षा,
नावानिशी विचारायचा,
आणि जाता जाता खिडकी ढकलायचा.
खिडकीतून फार काही दिसत नसे.
बसथांबा, औषधाचं दुकान,
आणि एक लंगडं कुत्रं, ज्याचं नाव बायकांनी ठेवलेलं: मंत्री.

तो निवृत्त झाला. इंजिनिअर तावारेस आले.
माणूस वाईट नाही.
मला म्हणाले, काचांना आतून पांढरा रंग दे,
उजेड सगळीकडे सारखा पडेल.
मी दिला. दोन हात.
बोलणं बंद झालं, गुणगुणणं बंद झालं.
खुर्च्या नव्या आल्या, खरंच चांगल्या,
उंची कमीजास्त होणाऱ्या,
आणि सगळ्या एकाच उंचीला आवळल्या,
रांग सरळ दिसावी म्हणून.
भिंतीवर पाटी लागली: तासाला कुणाची किती.

देओलिंदाचा बाप रानात बुचाच्या झाडांची साल काढायचा.
साल निघाली की खोडावर रंगानं आकडा घालायचा.
त्या आकड्याचा अर्थ एवढाच:
आता नऊ वर्षं हिला कुणी हात लावू नये.

आकडे मांडणं माझं काम, म्हणून मला माहीत आहे.
पहिल्या महिन्यात बुचं वाढली.
साहेबांनी केक आणला.
दुसऱ्या महिन्यातही वाढली.
तिसऱ्यात एक अख्खी खेप परत आली,
चार हजार बाटल्या,
प्रत्येकीत ओल्या तळघराचा वास.
तावारेस रांगेपाशी उभे राहिले,
'कुणाच्या नजरेतून सुटलं हे?'
अठरा तोंडांना अठरा बुचं.

सुटलं नव्हतं.
बसथांब्यावर तिनं सांगितलं मला,
पाऊस नसताना छत्री उघडून:
'वास आला होता रे.
हातही उचलला होता.
मग पाटीवरचा माझा आकडा दिसला,
आणि वाटलं, जाऊ दे,
माझ्या घरचं लग्न आहे थोडंच.'

हे कोणत्या रकान्यात लिहायचं
मला ठाऊक नव्हतं.

फॉर्मांची सरासरी निघाली तीन पूर्णांक चार.
अहवालात लिहिलं: समाधान मध्यम, सुधारणेस वाव.
प्रश्न अकरावा होता,
इथे काम करण्याचा सल्ला मैत्रिणीला द्याल का?
देओलिंदानं गोल केला नव्हता.
समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं:
'मैत्रीण शेजारच्याच खुर्चीवर बसते.
सहा महिने झाले, तिच्याशी बोलले नाही.'
समासातल्या मजकुराची सरासरी निघत नाही.

शनिवारी सगळे गेल्यावर मी पातं घेतलं
आणि काचेवरचा रंग खरवडला,
बुचाएवढा, जास्त नाही.

सोमवारी सव्वादहाच्या सुमारास
देओलिंदा मान तिरकी करून म्हणाली,
'मंत्री जाड झालाय गं.'
शेजारची फिस्सकन हसली, मग तिच्यापलीकडची.
त्या तासाला आकडा घसरला.
मी तो घसरला तसाच मांडला.

अठरावं पेन तिच्या अंबाड्यात होतं.