हक्कसोड

फॉर्मवर 'कुटुंबात कोणाला हृदयविकार?' या प्रश्नापुढे
दोन बोटं जागा.
मी कागद उलटा केला
आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहीत गेले:
बाबा, श्रावण हेडाऊ, एक्कावन्न. भट्टीपुढे, हातात झारा.
मोतीराम काका, सत्तेचाळीस. पंगतीत, वाढता वाढता.
यमुनाआत्या. वय कोणालाच नक्की ठाऊक नाही.
पित्त झालं म्हणाले सगळे,
सोडा प्यायली आणि भिंतीला टेकून बसली, बसलीच.
दादा, भोजराज. दोन स्टेंट. आहे.

धंतोलीतल्या त्या डॉक्टरीणबाईंनी
माझ्या रकान्यांची चित्रं केली.
पुरुष चौकोनी, बाया गोल,
गेलेल्यांवर एकेक तिरकी रेघ.
खालच्या ओळीत एक मोकळा गोल उरला,
त्यात पेनाचं टोक टेकवून म्हणाल्या,
"ह्या तुम्ही."

एलडीएल एकशे अठ्ठ्याऐंशी.
मी म्हटलं, मॅडम, मी तर बारीक आहे,
मटण महिन्यातून एकदा, तेही दादाकडे गेले तर.
त्या म्हणाल्या, "हे ताटातून कमी आलंय,
घरातून जास्त."

घरातून.
गोळीबार चौकातलं भोजनालय, वरच्या दोन खोल्या,
पितळी पातेली, गल्ला, बाबांच्या नावाचा बोर्ड,
सगळं दादाच्या नावे झालं तेव्हा
मी रजिस्ट्रार ऑफिसात अंगठ्याला शाई लावून उभी होते.
बहिणीनं हक्क सोडायचा असतो, अशी रीत.
सोडला. वहिनीनं साडी नेसवली,
हिरवी, काठ जरा बरा होता.
आणि हा एवढा वाटा मात्र
न मागता, न भांडता, शिक्क्याशिवाय
रक्तातून थेट माझ्या नावे चढलेला.
याची हक्कसोड कोणत्या खिडकीवर करतात?

बाबा सांगायचे, तर्री अशी पायजे
का दिव्याचा उजेड दिसला पायजे तिच्यात.
दिसायचा. लाल, थरथरता.
आम्ही पोरं वाकून आपापलं तोंड बघायचो.

आता रात्री नऊला गोळी.
शेजारच्या निखारेबाई म्हणतात,
एकदा लागली का सुटत नाई हो ती.
मी म्हणते, सुटणारं काय काय असतं बाई संसारात?
सकाळी शुक्रवारी तलावाला चार चकरा.
तिसरीत छातीत जरा काही हललं
की उभी राहते, कठड्याला धरून,
गॅस आहे का आत्या आहे, ते ऐकत.

दादाला जवसाची चटणी नेऊन दिली परवा.
तो गल्ल्यावर बसून हुंगून सांगतो,
आज लवंग जास्त झाली. चाखत नाही.
"तुले काई होत नाई बे," म्हणाला,
आणि मग बराच वेळ चटणीच्या डब्याचं झाकण
लावत, काढत राहिला.
"चैतालीले दाखवलं का?"

चैताली बावीसची. गोलाखालचा गोल,
डॉक्टरीणबाईंनी फिक्या पेन्सिलीनं काढलेला.
दोन महिने मी टाळलं.
परीक्षा, मग कूलरची दुरुस्ती, मग ऊनच फार.
रविवारी नेलं शेवटी, उपाशीपोटी.
दंडाला रबर बांधलं तशी तिनं मान फिरवली,
मी नाही फिरवली. नळी भरेपर्यंत बघत होते
त्यात काही दिसतं का.

बाहेर आलो तर ती भुकेनं चिडलेली.
कोपऱ्यावर पोह्याचा ठेला, चण्याचं पातेलं उकळतंय.
पोह्यावर पळी धरून ठेलेवाला थांबला,
"टाकू?"
आम्ही दोघी एकमेकींकडे पाहिलं.
"अर्धी," ती म्हणाली. "अन् बाजूला दे, वरून नको."
द्रोणात तिनं वाकून पाहिलं,
मीही पाहिलं.

रिपोर्ट पाचनंतर.