पाहुणा

उत्तमनगरच्या या दीड खोलीत
एका कॉम्प्युटरच्या पोटात मी दुसरा कॉम्प्युटर ठेवलाय.

आठ जीबीतले दोन त्याला दिलेत.
घर लहान, पाहुण्याला किती देणार.
नेट नाही, म्हणजे बातम्या नाहीत.
घड्याळ दर वेळी मागे नेते, दोन हजार चारवर,
नाहीतर आतलं जुनं सॉफ्टवेअर म्हणतं, मुदत संपली.
हिरवी टेकडी, निळं आभाळ घेऊन तो उठतो
आणि समजतो, सगळं घर आपलंच.
समजू दे.

माझी वीस वर्षांची मराठी त्याच्याकडेच आहे.
नव्या विंडोजमध्ये जुनी फाईल उघडली
की वेलांटी एकीकडे, काना दुसरीकडे,
मधे डॉलर, टक्के, उलटे प्रश्नचिन्ह.
तीच याच्याकडे उघडते
॥ श्री गजानन प्रसन्न ॥
रफारासकट.

गुरुवारी शेवाळेबाई आल्या, पाथर्डी फाट्यावरून.
"महापालिकेत लग्नाची नोंद करायचीय. आत्ता, हो, एकवीस वर्षांनी.
पत्रिका मागतात. आमच्याकडे एकही उरली नाही.
तुम्हीच केली होती ना, शालिमारच्या दुकानात?"

डोंगल लावला. पंख्याला धाप लागली.
फोल्डर मे, फाईल निकुंभ-दोन.
चि. सौ. कां. वृषाली.
मुहूर्त बारा पस्तीस, स्थळ औरंगाबाद रोडचं लॉन्स,
कृपया आहेर आणू नये.
आणि अगदी तळाशी, फुगलेल्या अक्षरांत:
आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!
तन्वी, प्रथमेश, ओमी.

बाईंचं बोट काचेवर टेकलं, तिसऱ्या नावाखाली.
तिथंच राहिलं.

मला कळलं, न कळल्यासारखं.
"काढू का?" मी म्हणाले. "चार वेळा बॅकस्पेस."
"नको," त्या म्हणाल्या,
"ऑफिसातले इतकं खालचं वाचत नाहीत."

आमचा प्रिंटर पाहुण्याच्या ओळखीचा नाही,
तो इथे होता तेव्हा हा जन्मलाच नव्हता.
मधल्या फोल्डरातून पत्रिका उंबऱ्यापर्यंत आणली,
इकडून उचलली, दोन प्रती काढल्या.
कागदाचे दहा रुपये घेतले.
त्यांनी वीस ठेवले, मी परत दिले,
त्यांनी पुन्हा ठेवले.

खाली घंटागाडी आली होती.
खिडकी मिटताना ती विचारते,
मशीन बंद करू, की आहे तसं गोठवून ठेवू?
रोज मी बंद करते.

आज आत अजून दोन हजार चार आहे,
पत्रिका उघडीच,
आणि ओमीच्या नावापुढे
कर्सर मधेच उमटलेला.