पायलट

सोहारच्या रिफायनरीत सतरा वर्षं
मी फ्लेअरच्या उजेडात डबा उघडला.
नवीन पोरं विचारायची, विसपुतेसाहेब, ही विझते कधी?
मी सांगायचो, विझली तर पळा.

एकशे सत्तावीस किलो. एचबीएवनसी नऊ पॉइंट आठ.
डाव्या पायाची दोन बोटं माझी आहेत
हे फक्त मोजे घालताना कळायचं.
डॉक्टर झुवैनांनी रिपोर्टवर पेन टेकवलं:
हा सीआरपी. ताप नाही, जखम नाही,
तरी आत काहीतरी पेटलेलं आहे.
आमच्याकडे दाह म्हणजे पित्त,
थंड दूध, भिजवलेला सब्जा.
हा तसला नव्हता.

त्यांनी कागदावर काढून दाखवलं:
चरबीची पेशी फुगते, गुदमरते, मरते,
पांढऱ्या पेशी तिच्याभोवती कोंडाळं करतात
मयताला जमल्यासारख्या,
पण उठून घरी जात नाहीत.
त्यांच्या गलक्यात इन्शुलिनची हाक
दारापर्यंत पोचत नाही.

मला माझं पॅनल दिसलं.
रात्रपाळीत एक अलार्म वाजतच असतो, कुठल्याशा
लेव्हल ट्रान्समीटरचा, सगळ्यांच्या सवयीचा.
बोट आपोआप जातं. ॲक्नॉलेज.
तहान. ॲक्नॉलेज.
रात्री चारदा उठणं. ॲक्नॉलेज.
कुमुद व्हिडिओ कॉलवर म्हणाली, मान काळी पडलीय तुमची.
उन्हानं गं, मी म्हणालो.

ऑपरेशन म्हटल्यावर सगळे हुशार झाले.
कॅम्पातला शाजी म्हणाला, तोंड आवरा, पोट कशाला कापता.
एका मंगळवारी पोटावर पाच भोकं पडली,
जठर अंड्याएवढं उरलं,
आतड्याची वाट वळवली.

चौथ्या दिवशी नर्सनं बोट टोचलं, आकडा बघितला,
पुन्हा टोचलं.
एकशे बारा.
वजन तर जवळजवळ तेवढंच होतं!
वाट वळवली की आतडं वेगळंच बोलायला लागतं,
झुवैना म्हणाल्या,
सगळं आम्हालाही अजून ऐकू येत नाही.
इन्शुलिनचं पेन फ्रिजच्या दारात राहिलं,
बदली झालेल्या माणसाच्या कपासारखं.

भोकांच्या कडा लाल झाल्या, गरम. मी घाबरलो.
हाही दाहच, त्या म्हणाल्या, पण हा कामावर आलाय.
काम झालं की जाईल.
गेला. आधी खाज, मग खपली, मग
नुसती पाच टिंबं.

सगळं गोड झालं असं नाही.
मुठीमुठीनं केस गळले.
ईदला हमूदनं हलवा दिला, बोटभर,
आणि मी घामानं थबथबून
लॉकररूमच्या लादीवर बसलो, वीस मिनिटं.
पोटाची कातडी रिकाम्या गोणीसारखी.
भूक कधीकधी जेवणानंतर येते,
पोटात नाही, हातात.

आठव्या महिन्यात सीआरपी अकरावरून दोन.
शून्य नाही? मी विचारलं.
शून्य कशाला हवाय तुम्हाला?
पुढे काही बोलल्या नाहीत, गोळ्या लिहीत राहिल्या.

मार्चमध्ये शटडाउन होता.
फ्लेअर उतरत उतरत नुसत्या पायलटवर आली,
काडीएवढी. अंधारात प्रथमच
मासेमारीच्या होड्यांचे दिवे मोजता आले.
डाव्या पायाच्या बोटांत मुंग्या, थोडी ठणक.
मी तिथंच उभा राहून ती ठणक ऐकत होतो.

आत अलार्म वाजला. तोच.
पोरानं बोट उचललं.
थांब, म्हणालो. टॉर्च घे.
आणि दोन साइझ लहान कव्हरऑलमध्ये
टाकीचा जिना चढायला लागलो.