केंद्र क्रमांक सत्तेचाळीस

थानेश्वर पेगूंच्या वहीत पहिली नोंद पेन्सिलीची:
बासष्ट साल, शाळेची खोली, छत्री निवडून आली
दोनशे अकरा मतांनी.
ती सगळी मतं आमच्या जुन्या गावची, ते म्हणतात,
आणि बोट दाखवतात ब्रह्मपुत्रेच्या मधोमध.

सदुसष्टला शाळा गेली. केंद्र नामघरात.
बहात्तरला नामघर गेलं. केंद्र ह्यांच्याच चांगघराखाली,
डुकरं हाकलून, चटईच्या आडोशाला शिक्का.
अठ्ठ्याहत्तरला छत्रीवाला किटलीवाल्याकडून पडला
आणि पुढच्या खेपेला किटली घेऊनच उभा राहिला.

त्र्याऐंशीचं पान कोरं.
विचारलं तर पेगू आपोंग ओततात,
माझ्या पेल्यात, मग स्वतःच्या.

बांध प्रत्येकानं कबूल केला.
नदीनं काहीच कबूल केलं नव्हतं, ती दरवर्षी आली.
मोनोमतीचं मत एकदाच हुकलं:
यादीत तिचं वय एकशे सतरा लागलं होतं,
साहेब म्हणाला, ही बाई ती नव्हे.
अजून ती चुलीपाशी हसते त्यावर,
पण पुरतं नाही.

यंदा नवा नकाशा आला, त्यात मतदारसंघच नाही.
अर्धा ह्या तीराला वाटला, अर्धा त्या.
केंद्राचा फलक पेगूंनी होडीत ठोकलाय,
बसायची फळी म्हणून.
त्यावर बसून मी पलीकडे आलो.
उतरलो तेव्हा वल्हं धरलेला नातू खिदळला:
माझ्या विजारीवर ओल्या चुन्यातला सात,
उलटा.