सतरा उतरवताना

रात्री दीडला कळंबोली सर्कलपाशी
एक लेन बंद केली, शंकू मांडले,
आणि ठोंबरे खालून ओरडले,
घे, सतरा उतरव.

चार बोल्ट. तीन सुटले.
चौथा पंधरा पावसाळे खाऊन बसलेला,
त्याला तेल पाजलं, शिवी दिली, मग हातोडी.
पत्रा निघाला तर पाठीमागे
कुंभारमाशीची तीन मातीची घरं, रिकामी.
आपण कुठल्या नंबरच्या रस्त्यावर राहतो
हे त्यांनी एकदाही वाचलं नसावं.

आता इथं सहासष्ट.
नव्या पत्र्यावर कसलंसं कातडं चढवलंय,
दिवा पडला की मांजराच्या डोळ्यासारखं पेटतं.
पाळण्यात उभा राहून मी आकड्याकडे बघत होतो.
छत्तीस एकमेकांकडे पाठ करतो,
त्रेसष्ट समोरासमोर बसतो,
सहासष्ट मात्र एकामागे एक,
टोलच्या लेनमधे थांबल्यासारखे,
पुढच्याची मान तेवढी दिसते.

पुढच्या आठवड्यात चार उतरवायचा आहे.
तिथं अठ्ठेचाळीस.
हे मला जरा जड जातंय.
चार लोक काय म्हणतील, आई म्हणायची.
चार पैसे, चार घास,
चारचौघांत हसू नको इतक्या मोठ्यानं.
त्या चारात किती माणसं मावायची
कुणी मोजलं नव्हतं.
अठ्ठेचाळीस लोक काय म्हणतील?
काही नाही म्हणणार.
काचा वर करून निघून जातील.

रोडपालीचा हसुराम पेंटर
मैलाचे दगड रंगवायचा.
दोन हात पांढरा, वर पिवळी टोपी,
आणि आकडा काढताना श्वास धरायचा.
त्याच्या चारचं पोट सुटलेलं,
सतरातला सात कोयत्यासारखा.
परवा त्याला सांगितलं, काका, सगळे नंबर बदलले.
खाटेवरून उठलासुद्धा नाही.
म्हणाला, नंबर कोन इचारतं र रस्त्याला,
कवरा लांब हाय ता सांग, बास.

टोलनाक्यावरची माफीची यादीही मीच लावली.
वरून खाली वाचत, स्क्रू मारत आलो,
मोठमोठी पदं, मग रुग्णवाहिका,
अगदी तळाला शववाहिका.
नंतर पत्राच संपला.
दुचाकीला टोल नाही,
म्हणून यादीत नसूनही मी रोज फुकट जातो,
कडेकडेनं.
दराचा आकडा मात्र चिकटपट्टीचा असतो.
तो इतक्यांदा बदलतो
की त्याला क्रेन लागत नाही, शिडी पुरते.

उतरवलेला सतरा भंगारात जायचा,
तो कुन्हुमोननं मागून घेतला.
फाट्यावर त्याचं पंक्चरचं दुकान,
बावीस वर्षं.
सतरा आमच्या वडकरातून जातो ना, म्हणाला,
आमच्या दारासमोरून.
म्हणजे इतकी वर्षं
तो इथं जॅक लावून बसला होता
ते घराच्याच रस्त्यावर,
फक्त दुसऱ्या टोकाला.
मी म्हटलं, आता तिथंही सहासष्ट झाला असेल.
त्यानं तिथल्या तिथं आईला फोन लावला,
पहाटेचे पाच.
बराच वेळ त्याच्या भाषेत बोलत होता.
काय म्हणाली?
म्हणाली, पाटीचं माहीत नाही,
बस तीच येते.

आता तो सतरा त्याच्या टबावर झाकण म्हणून असतो.
ट्यूब बुडवायचं पाणी
रात्री कुत्री पितात, म्हणून.
एका कोपऱ्याला गंजलेल्या बोल्टाची भोकं,
मागची मातीची घरं त्यानं खरवडलेली नाहीत.

काल एक ट्रेलरवाला थांबला,
पोलाद भरलेला, झोपेनं डोळे सुजलेले.
माझ्या सहासष्टच्या बरोबर खाली उभा राहून
विचारतो, सतरा कुठून धरायचा?
मी वर बोट करणार होतो.
कुन्हुमोन ट्यूब पिळत बुडबुडा शोधत होता,
त्यानं मान वर न करता
बाजूला टेकवलेल्या झाकणावर पाना वाजवला,
इथूनच, म्हणाला,
डावीकडे.